दुखेनासा झालेला पाय

घटस्थापनेच्या सकाळी दूध आणायला खाली उतरले की मी लोकांचे चेहरे नंतर बघते, आधी पाय बघते. प्रभादेवीच्या आमच्या गल्लीत त्या दिवसापासून नऊ दिवस कितीतरी बायका अनवाणी असतात. त्या दिवसाच्या रंगाची कडक इस्त्रीची साडी नाहीतर कुर्ता, खांद्याला लॅपटॉपची बॅग, कानात हेडफोन आणि खाली उघडी पावलं. ऑक्टोबरचं ऊन अकरा वाजायच्या आतच डांबर तापवून ठेवतं. सिग्नलला उभ्या असताना त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहतात. ते बघून मला बरं वाटतं. चटका बसतोय, म्हणजे पाय शाबूत आहेत. दुसऱ्या कुणाला त्यात भक्ती दिसेल, मला एवढंच दिसतं. तीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या बाईकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

माझी उजवी टाच या दिवसांत हटकून डोकं वर काढते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता दिवसभर कुणी मला उभं करत नाही, तरी सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलांनी तो खिळा जरा सैल होतो. पूर्वी मी या दुखण्याला शिव्या घालायचे. आता घालत नाही. कळ आली की मनात म्हणते, आहे. मग चहाचं आधण ठेवते.

फणसवाडीतल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी उभं राहून पोट भरलं नव्हतं. आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, वडील विम्याच्या ऑफिसात, काका कोर्टात. सगळ्यांनी जन्मभर खुर्च्या झिजवल्या. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर आईला बाकी कशाचं नाही, उभं राहण्याचंच वाईट वाटलं होतं. "दिवसभर पायांवर? पाय म्हातारपणी सूड घेतात गं," ती म्हणाली होती. मी हसले होते. आईचं माझ्याबद्दलचं पुष्कळसं भाकीत चुकलं, हे मात्र नेमकं खरं ठरलं.

परळच्या ज्या मोठ्या रुग्णालयात मी नोकरी केली, तिथल्या कॅज्युअल्टीत बसायची पद्धत नव्हती. खुर्च्या होत्या, पण त्यांवर फायली बसायच्या. बसलेली सिस्टर नातेवाइकांच्या नजरेला पडली की संपलंच, "इथे आमचा माणूस मरतोय आणि ह्या बसल्यात." त्यामुळे रजिस्टरसुद्धा आम्ही वाकून, उभ्याने लिहायचो. सकाळी सैल असलेले बूट दुपारी बारापर्यंत घट्ट व्हायचे. मग एकमेकींकडून शिकलेल्या युक्त्या चालायच्या. बूट संध्याकाळी विकत घ्यायचे, सुजलेल्या पायांच्या मापाने. दोन जोड ठेवायचे आणि अर्ध्या ड्युटीत बदलायचे. एक पाय ट्रॉलीच्या खालच्या दांडीवर टेकवायचा, थोड्या वेळाने दुसरा. फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवायची. जेवणाच्या सुट्टीत डबा आधी नाही, आधी चेंजिंग रूमच्या लादीवर आडवं होऊन पाय भिंतीला लावायचे. चार-पाच पांढरे गणवेश भिंतीला पाय लावून एका ओळीत पडलेले, हे दृश्य बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर त्याला धडकीच भरली असती. हाडांच्या एका डॉक्टरांना मी टाच दाखवली, तर ते म्हणाले, "सिस्टर, उभं राहणं कमी करा." सांगताना ते स्वतः एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

या सगळ्या युक्त्यांवर कडी करणारी गोष्ट होती शालनमावशीची वाटी.

रुग्णालयात आयांना मावशी म्हणतात. शालनमावशी आमच्या कॅज्युअल्टीतल्या सगळ्यांत जुन्या. मूळच्या मालवणकडच्या, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकरच गेला. पुढे मुलाला त्यांनी याच कॅज्युअल्टीच्या जिवावर वाढवलं. अंगाने काटकुळ्या, पण पायाला भिंगरी. लादी पुसणं, बेडपॅन, नमुने लॅबला नेणं, ड्रेसिंगच्या वेळी पेशंटचा हात नाहीतर पाय धरणं, सगळीकडे त्या. त्यांच्या लॉकरमध्ये काशाची एक वाटी आणि खोबरेलाची बाटली असायची. ड्युटी संपली की त्या आम्हा सिस्टरांना स्टुलावर बसवून, पाऊल मांडीवर घेऊन वाटीच्या बुडाने तळवे घासायच्या. तेल काळं होत जायचं. "बघा, किती आग बाहेर निघता ती," त्या म्हणायच्या. ते काळं काशामुळे होतं हे मला ठाऊक होतं, पण घासून झाल्यावर टाच खरंच निवायची, म्हणून मी गप्प बसायचे.

एकदा मी म्हटलं, "मावशी, आज तुम्ही बसा, मी घासते." त्या एकदम मागे सरकल्या. "काय बोलता सिस्टर? तुम्ही माझ्या पायाला हात लावणार? खयच्या नरकात घालताय माका?" नकळत माझा बूट त्यांना लागला, तर नमस्कार करणाऱ्या त्याच असायच्या. त्यांच्या वयाचा, माझ्या हुद्द्याचा आणि आणखी कसला कसला, अशा मानापानाच्या किती भिंती दोन बायकांच्या पायांमध्ये उभ्या होत्या. मला त्या पाडायची घाई नव्हती. खरं सांगायचं तर घासून घेणं सोयीचं होतं.

माझ्या निवृत्तीच्या काही वर्षं आधीचा एक ऑक्टोबर फार वाईट होता. पावसाने जाताना डेंग्यू आणि लेप्टोचे ताप मागे ठेवले होते, वर ऊन. कॅज्युअल्टीत एकेका खाटेवर दोघं दोघं. आम्ही सिस्टर केसांना त्या दिवसाच्या रंगाची क्लिप लावायचो, गणवेशात तेवढाच सण. मावशींचं नवरात्र मात्र कडक होतं. लालबागपासून रुग्णालयापर्यंत त्या अनवाणी चालत यायच्या. आत आल्यावर चप्पल घालणं सक्तीचं, म्हणून त्यांनी देवीशी तडजोड केलेली. एक निळा रबरी जोड लॉकरमध्येच राहायचा, रुग्णालयाबाहेर कधीच न गेलेला. "ह्या चपला घरातल्या भांड्यासारख्या," त्या म्हणायच्या, "देवी त्या धरत नाही."

त्या पावसाळ्यात त्यांच्या पायांची फार आग व्हायची. चालून आल्या की त्या सिंकजवळच्या ओल्या लादीवर पाय ठेवून उभ्या राहायच्या, डोळे मिटून. "निखाऱ्यावर उभी केल्यासारखा वाटता," म्हणायच्या. आम्ही सगळ्यांनीच सल्ले दिले. मीठ घालून गरम पाणी घ्या. मेंदी लावा. बूट वापरा. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांना सुई टोचून साखर तपासणाऱ्या आम्ही, एकीच्याही तोंडून "मावशी, बोट पुढे करा" एवढं निघालं नाही. पेशंट म्हणजे दारातून आत येतो तो. आत असलेला माणूस आमच्या लेखी पेशंट नव्हताच.

चौथ्या माळेला मावशी सकाळी आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने. मी कोपऱ्यात बाटली तळव्याखाली फिरवत होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सिस्टर, गेला बघा. पाय दुखूचो थांबलो. काल रात्री कशी झोपलंय म्हणून सांगू! देवीन माझा ऐकल्यान." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला काय वाटलं, तर हेवा वाटला. माझी टाच त्या क्षणी ठणकत होती, आणि मी म्हटलं, "नशीबवान आहात मावशी. माझ्यासाठी पण सांगा देवीला." त्या म्हणाल्या, "सांगतलंय." त्यांनी खरंच सांगितलं असणार.

पाचव्या माळेला त्यांनी निळ्या चपलाही सोडल्या. देवीने एवढं केलं, तर आपण अर्धं व्रत कसं करायचं, हा त्यांचा हिशेब. ड्युटीवर मी इन्चार्ज होते. कॅज्युअल्टीच्या लादीवर काय काय पडलेलं असतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? इंजेक्शनच्या फोडलेल्या काचेच्या कुप्यांची टोकं, सुया, रक्त, उलटी. त्यांच्या उघड्या पावलांकडे मी बघितलं आणि म्हटलं, "जपून हं." चार दिवसांचा प्रश्न आहे, बाईच्या श्रद्धेत कशाला तंगडं घालायचं, असा उदार विचार मी केला. माझ्या त्या उदारपणाची मला आज शिसारी येते.

सहाव्या माळेला वरळीच्या बीडीडी चाळीतून एका म्हाताऱ्या आजोबांना मुलाने अँब्युलन्स मिळत नाही म्हणून टॅक्सीत घालून आणलं होतं. तक्रार तापाची, साखर जुनी. माझ्या हाताखाली तेव्हा शिकाऊ सिस्टरांची तुकडी होती, सहा-सात मुली. मी आजोबांचे मोजे काढायला लावले. अंगठ्याखाली काळं पडलेलं, वास येत होता. मी विचारलं, "आजोबा, दुखतं का?" ते हसून म्हणाले, "छे, अजिबात नाही." मी मुलींकडे वळले. माझ्या शिकवण्याबद्दल मला गर्व होता, तो आवाजात आला असणार. मी म्हटलं, "नीट ऐका. पाय दुखतो म्हणून ओरडणाऱ्याला दोन मिनिटं थांबवलं तरी चालेल. साखर असलेला माणूस दुखत नाही म्हणाला की धावायचं. दुखणारा पाय जिवंत असतो. आधी आग होते, मग एक दिवस आग थांबते. माणूस खूश होतो. तिथेच तो फसतो. त्याला काच शिरली तरी कळत नाही." मुलींनी वह्यांत लिहून घेतलं.

आजोबांचा पाय दोन्ही हातांनी धरून शालनमावशी समोर उभ्या होत्या. अनवाणी.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते काही उगाच नाही. माझं बोलणं संपलं, ड्रेसिंग झालं, मी पुढच्या खाटेकडे वळले. मावशी क्षणभर तिथेच थांबल्या होत्या, एवढं मला आठवतं. मला वाटलं, त्या पट्टीचा कचरा उचलतायत.

आठव्या माळेची दुपार. जरा उसंत होती. मावशी लादी पुसत होत्या आणि पुटपुटत होत्या, "कोणाचा रक्त सांडता हा? आताच पुसलंय." मी रजिस्टरवरून मान वर केली. ट्रॉलीपासून सिंकपर्यंत लालसर ठिपके होते. मावशींनी ते पुसले, मागे वळल्या, तर त्यांच्यामागे नवे. त्या पुन्हा पुसायला लागल्या. "हाताला लागलेल्या त्या पोराचा असणार. चालतात आपले खयपण." आम्ही तिघी-चौघी होतो तिथे. आमच्यापैकी एकीने म्हटलं, "मावशी, फिनेल टाका." कॅज्युअल्टीत रक्त नेहमी दुसऱ्याचं असतं. तिथे काम करणाऱ्या माणसाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की स्वतःचं रक्त पायाखाली आलं तरी तो फडकं आणून पुसतो.

तीन वेळा पुसून झाल्यावर एका शिकाऊ मुलीने विचारलं, "मावशी, तुमचाच पाय नाही ना?" मावशी हसल्या. "माझो पाय? माका काय्येक झाला नाय." आणि दाखवायला म्हणून त्यांनी सिंक धरून पाऊल मागे उचललं.

काचेच्या कुपीचं तुटलेलं टोक तळव्यात पुरतं रुतलेलं होतं. त्याच्या बाजूला, चवड्याखाली, रुपयाएवढी जुनी जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या. ही काही आठवड्याभरातली नव्हती. मी खाली बसले. एवढ्या वर्षांत कॅज्युअल्टीत मी पहिल्यांदा ड्युटीवर खाली बसले, लादीवर, आणि त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं. त्या ओढून घेऊ लागल्या. "नको सिस्टर, पाप लागात." मी काच उपसली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्या माझ्या डोक्यावरून बाहेर दाराकडे बघत होत्या, कुणी पाहतंय का म्हणून.

बोटाला सुई टोचली. मशीनने आकडासुद्धा दाखवला नाही, नुसतं 'हाय' दाखवलं, म्हणजे साखर मोजायच्या पलीकडे.

दसऱ्याला त्या आमच्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर खाटेवर होत्या. आधी दोन बोटं गेली. मग अर्धं पाऊल. दिवाळी संपल्यावर गुडघ्याखालून. सर्जन भले होते, प्रत्येक वेळी म्हणाले, एवढ्यावर थांबेल. माझे बूट रोज त्या जिन्याने वर जायचे, टाच ठणकायची, आणि मला वाटायचं, ठणक, अजून जोरात ठणक. मी त्यांच्या खाटेशी बसायचे. आता मला बसायला हरकत नव्हती.

खाटेला लागल्यापासून डॉक्टरांशी बोलून बोलून त्यांची मालवणी मागे पडली होती. शेवटच्या ऑपरेशननंतरच्या आठवड्यात एकदा त्या म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचारा ना."

"त्या आजोबांचा पाय मी धरलेला, तेव्हा तुम्ही पोरींना सांगत होतात. आग थांबली की फसलो म्हणून."

मी मान हलवली.

"मी ऐकलं सगळं. म्हटलं, हे तर माझंच. मग मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्हाला सांगितलं होतं ना मी, माझं दुखणं गेलं म्हणून? म्हटलं, आता सिस्टर मला बोलावतील. तुम्ही पुढे गेलात. मग माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सिस्टरना सगळं कळतं. त्या काय बोलल्या नाहीत, म्हणजे माझं तसलं नसणार."

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मी तो अंगावर घेतला असता. राग नव्हता. त्या खरोखर मला एक शंका विचारत होत्या, मी त्यांना का बोलावलं नाही, एवढीच.

त्यानंतर मी माझ्या ड्युटीवर एक शिरस्ता पाडला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी बूट-चपला काढायच्या, मावशी, वॉर्डबॉय म्हणजे आमचे मामा, सिस्टर, डॉक्टरसुद्धा, आणि एकमेकांचे तळवे बघायचे. पहिल्या वर्षी सगळे लाजले, हसले. एका मामांनी तर पायावर रुमाल टाकला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "पाप माझ्या खात्यावर." हा शिरस्ता मी निवृत्त झाल्यावर चालू आहे की नाही, मी विचारलेलं नाही. नाही असं उत्तर आलं तर काय करायचं, हे मला ठाऊक नाही.

शालनमावशी अजून लालबागलाच आहेत, त्याच तिसऱ्या मजल्यावर. संडास गॅलरीच्या टोकाला. जयपूर फूट मिळालंय, ते दाराआड उभं असतं. त्यांना तो पाय आवडत नाही. त्या कुबडी घेतात आणि उरलेल्या एका पायावर घरभर फिरतात. सगळा भार त्या एकाच पायावर. दर नवरात्रात मी एक दिवस त्यांच्याकडे जाते. ओटी भरते, आरसा धरून त्यांचा तळवा बघते, बोटांच्या मधल्या जागा बघते, साखरेचे कागद चाळते. अलीकडे त्या पाय ओढून घेत नाहीत. त्यांना सवय झाली असेल, नाहीतर त्या माझ्यासाठी सोसत असतील.

यंदा गेले ती पाचव्या माळेला. त्यांची सून घटासमोर बसून अखंड दिव्यासाठी कापसाच्या वाती वळत होती. भिंतीवर झेंडू, धान उगवून हाताच्या बोटाएवढं झालेलं. मावशी खाटेवर टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, "पाय कसा आहे?"

"अगदी बरा," त्या हसून म्हणाल्या. "आग होत होती ना गणपतीत, तीही गेली."

सुनेच्या हातातली वात तिथेच थांबली. तिला या आगीबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. मी तिच्याकडून एक वात मागून घेतली. खाटेशी जमिनीवर बसले, पाऊल मांडीवर घेतलं. "मावशी, डोळे मिटा. वात पायाला लागली की सांगायचं."

त्यांनी शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. मी अंगठ्याला वात टेकवली आणि विचारलं, "कळलं?"

"कळलं."

चवड्याला टेकवली. "कळलं?"

"कळलं."

टाचेला टेकवली. "कळलं," त्या म्हणाल्या, या वेळी मी विचारायच्या आधीच.

मी वात खाली जमिनीवर ठेवली. दोन्ही हात मागे घेतले. खालच्या रस्त्यावरून ढोलाचा आवाज येत होता. तो जरा दूर जाऊ दिला आणि विचारलं, "आता?"

"कळलं."

सून तोंडाला पदर लावून उठली. मागे एकदा मी गप्प बसले होते. आता गप्प बसायचं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, डोळे उघडा. मी हात लावलेलाच नाही. आपल्याला आत्ता निघायचंय."

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या वातीकडे, मग कितीतरी वेळ स्वतःच्या पायाकडे.

"मग आधी तरी लावलेलात?" त्यांनी विचारलं.